चौकोनी पाणी

लेकीचा, मैथिलीचा, साखरपुडा झाला ते वर्ष दोन हजार तेवीस. घरातली प्रत्येक गोष्ट त्या साखरपुड्यापासून मोजायची प्रमिलाला सवय लागली होती. मोठा फ्रिज घेतला तो साखरपुड्याच्या आधी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच्या पुढच्या वर्षी, आणि अल ऐनचं भाड्याचं घर सोडून दोघं दुबईला निखिलकडे, मुलाकडे, राहायला आली ती साखरपुड्यानंतर सहा महिन्यांनी. तिचा नवरा सूर्यकांतही तसंच मोजायचा. फक्त मोजताना त्या एका दिवसावर तो पाय ठेवत नसे. शेवाळलेली पायरी चुकवून खालच्या पायरीवर उतरावं, तसा तो तेवढा दिवस ओलांडायचा.

दोन वर्षांनंतरच्या एका शनिवारी सकाळी अस्मीने, निखिलच्या नऊ वर्षांच्या मुलीने, जेवणाच्या टेबलावर केकचा मोठा ट्रे ठेवला. ट्रेच्या मधोमध तिने मातीचा चौकोन थापला, त्यावर पुठ्ठ्याचं घर उभं केलं, आईस्क्रीमच्या काडीचा पूल टाकला आणि भोवती निळं पाणी ओतलं. शाळेचा प्रोजेक्ट होता. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला इजिप्त, कुणाला रोम, आणि हिला आली ती वेल्समधल्या जुन्या जमीनदारांच्या खंदकवाल्या घरांची चिठ्ठी. सूर्यकांत चहा घेऊन आला तेव्हा बाजूला पडलेल्या छापील कागदावर त्याची नजर गेली. विमानातून काढलेला फोटो होता. हिरवं कुरण, कोपऱ्यात चार गाई, आणि कुरणाच्या मध्ये पाण्याची चौकोनी रेघ, पट्टीने आखल्यासारखी. मधल्या जागेत घर नव्हतं, काहीच नव्हतं, नुसतं गवत. थोडा चहा सांडला, तो त्याने बोटाने पुसला आणि बोट लुंगीला पुसलं. घरात कुणाला काही कळलं नाही.

त्याच सकाळी वलीचा फोन येऊन गेला होता. वली टँकरवाला, श्रीवर्धनचा, अल ऐनच्या बाजूला बावीस वर्षं पाण्याचा टँकर चालवलेला माणूस. कायमचा गावी चालला होता. संध्याकाळचं विमान. निरोपाचं बोलणं झालं, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग नेहमीच्याच आवाजात तो म्हणाला होता, "साहेब, गावी पोचल्यावर राजापूरला जाणार आहे. दगडूच्या बायकोने बोलावलंय. मीच काढला ना त्याला पाण्यातून, तर तिला माझ्याच तोंडून ऐकायचंय. काय सांगू तिला? दोर कोणी काढले ते सांगू की नको? तुम्ही विचार करून ठेवा, मी दुपारी एअरपोर्टवरून फोन करतो."

विचार करून ठेवा. भाजी आणून ठेवा म्हणावं तसं. सूर्यकांत खुर्चीत बसला आणि अस्मीच्या हातांकडे बघत राहिला. विचार करायला काही नव्हतं, सगळं केलेलंच होतं. दोन वर्षं तो विचार फ्रिजमधल्या मागच्या डब्यासारखा थंड राहिला होता, झाकण लावलेला, आणि आता कुणीतरी येऊन डबा मागत होतं.

खंदकवाल्या घरांची माहिती त्याला अस्मीच्या कागदापेक्षा जास्त होती. तो ज्या बागा-तळी बांधणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, तिच्याकडे एका शेतमालकाचं काम आलं होतं. अल ऐनच्या बाहेर, खजुरांच्या ओळी संपतात तिथे त्याचं शेत. मालक तरुणपणी वेल्समध्ये शिकायला होता आणि एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहिला होता. खोलीच्या खिडकीतून असा एक खंदक दिसायचा. तो त्याच्या मनात तीस वर्षं राहिला, आणि तसाच आता त्याला आपल्या शेतातल्या घराभोवती हवा होता. त्याने सूर्यकांतला समोर बसवून, स्वतःच्या हाताने गहवा, अरबी कॉफी, ओतून, सगळं समजावलं होतं. हे राजांचे किल्ले नव्हेत. गावातल्या बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेल्या घराण्यांनी, सातशे वर्षांपूर्वी, आपल्या लाकडी घराभोवती चौकोन खणला आणि ओढ्याचं पाणी सोडलं. पाणी किती, तर कुणीही हिंमत केली तर पार करील इतकंच. शत्रूला त्याने काय अडणार? पण शेजाऱ्याला ते दिसायचं. आपल्या घराला पाणी आहे, आपल्याकडे यायला पूल लागतो, हे दिसायचं. आणि गंमत म्हणजे त्याच घरात जेवणारे भाट गाणी गायचे की या घराच्या दाराला कडी नाही, इथे कुणाला मज्जाव नाही. सूर्यकांतला ते फार आवडलं होतं. तिथली माती चिकण, पाणी आपोआप धरून ठेवते, मालक म्हणाला होता. इथे वाळू. म्हणून दोन पुरुष खोल खंदकाच्या तळाला आणि उतरत्या बाजूंना जाड काळं प्लास्टिक अंथरलं. त्याला लायनर म्हणतात. लायनरवर महिन्याभरात शेवाळ धरतं आणि मग त्यावरून माणसाला वर चढता येत नाही. पाय घसरतो, हात घसरतो, बोटाला पकड मिळत नाही. म्हणून अशा तळ्यांच्या काठाला दोर सोडायचे असतात, गाठी मारलेले. ही कामाची पहिली अक्कल. ते निळे नायलॉनचे आठ दोर, प्रत्येक बाजूला दोन, दगडूने बांधले होते. हातभरावर एक गाठ, खलाशी मारतात तशी, भिजली की आणखी घट्ट बसणारी.

दगडू त्याच्या गावचा. हे वाक्य सूर्यकांतने किती वेळा उच्चारलं असेल. अल ऐनच्या घरी दर शुक्रवारी वीस-पंचवीस माणसं जेवायला असायची, पुण्याचे डॉक्टर, मुंबईचे अकाउंटंट, नव्याने आलेली जोडपी. पाण्याचे खोके दोन जिने चढवून आणणाऱ्या दगडूच्या खांद्यावर हात ठेवून तो सगळ्यांना सांगायचा, हा माझ्या गावचा, याला मी आणला. पाहुणे म्हणायचे, वा. दगडू हसायचा, खोका ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जायचा. पाहुण्यांची पानं उठली की तिथेच ओट्याला टेकून जेवायचा. कुणी त्याला तिथे जेव असं सांगितलेलं नव्हतं. बाहेर येऊन बस असंही कुणी सांगितलं नव्हतं.

पण एक काळ असा होता की सूर्यकांतला श्वास दगडूने दिला होता. गावाबाहेर चिऱ्याची खाण होती. जांभा दगड कापून नेलेला, सरळ उभ्या भिंती, आणि खाली वीस हात खोल, हिरवं, गार पाणी. दगडूचा बाप त्या खाणीत चिरे काढायचा. दगडू वर्षाने लहान, पण पाण्यात मासा. अकरा वर्षांच्या सूर्यकांतला त्याने काठावर उभं केलं आणि आधी उडी मारू दिली नाही. म्हणाला, सूर्या, आधी बाहेर यायची वाट बघायची, मग उडी. आणि भिंतीतल्या तीन खाचा त्याने बोटाने दाखवल्या, एक, दोन, तीन, तिथे हात, तिथे पाय. तरी सूर्यकांत पाण्यात गेल्यावर गारठला, रडला, आणि चड्डीत मुतला. पाण्यात मुतलेलं कुणाला कळत नाही, पण तो ते रडत रडत स्वतःच दगडूला सांगून बसला. माणूस लहानपणी फार खरं बोलतो.

"आजोबा, इज इट डीप?" अस्मीने विचारलं. तिने एक प्लास्टिकचा माणूस पाण्यात टाकला होता. बोटाएवढा, पिवळ्या हेल्मेटचा, कुठल्यातरी खेळण्यातला. तो पोटावर तरंगत होता. सूर्यकांत म्हणाला, तुझ्या ट्रेएवढं. ती म्हणाली, नो, द रिअल वन. स्वयंपाकघरातून प्रमिला म्हणाली, अगं, टेबल खराब करू नकोस, काल पुसलंय.

ते चड्डीचं दगडू विसरला असेल असं सूर्यकांतने पन्नास वर्षं धरून ठेवलं होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, फोटो काढणारी मुलं साइट बघायला आली. शनिवारी कुठल्याशा मासिकासाठी त्या घराचे फोटो निघणार होते. मुलं मराठी बोलणारी निघाली, पनवेलची. दगडू खुलला. पुलावरून पाण्यात सूर मारून दाखवला, कारण पुलावरून उडी ही त्याची सवयच होती. तो दोर धरून वर आला आणि निथळत निथळत सांगायला लागला, की या साहेबांना पोहायला मी शिकवलं बरं का, पहिल्या दिवशी साहेबांनी खाणीतलं पाणी वाढवलं होतं. मुलांना आधी समजलं नाही. मग समजलं आणि ती पोट धरून हसली. त्यातला एक म्हणाला, मग साहेब, हा खंदक पण तुम्हीच भरलात काय? सूर्यकांतही हसला. मालकाचा माणूस बाजूला होता, त्याला भाषा येत नव्हती, तोही हसला. घरी जाताना गाडीत सूर्यकांतच्या गालाचे स्नायू दुखत होते. इतकंच, दुसरं काही त्या वेळी त्याला वाटल्याचं आठवत नाही.

पण घरी तो सरळ गेला नाही. अर्ध्या वाटेत त्या मुलांनी पाठवलेले नमुन्याचे फोटो आले, सोबत निरोप, की सर, ते निळे दोर फार डोळ्यात येतात, जुन्या घराचा भास मोडतो. सूर्यकांतने गाडी वळवली. शेतावर कुणी नव्हतं. माणसं कंपनीच्या बसने बाजारात गेली होती, दगडूही. ऊन कललं होतं. पाणी हातभर उतरवलेलं होतं, कारण काठाजवळचं शेवाळ घासून शुक्रवारी दुपारनंतर वलीच्या टँकरांनी खंदक पुन्हा भरायचा होता. त्याने दोर सोडायचा प्रयत्न केला. दगडूच्या गाठी सुटेनात. मग त्याने गाडीतून कटर आणला आणि वाकून, गुडघ्यावर बसून, आठही दोर एकेक करून कापले. त्यांची वेटोळी केली आणि डिकीत टाकली. काठ स्वच्छ दिसला. खरोखर सातशे वर्षांपूर्वीचा दिसला. त्याला बरं वाटलं.

इथून पुढे सूर्यकांतच्या डोक्यात दोन वर्षं एकच जागा होती आणि तिथे पाय टिकत नव्हता. शुक्रवारी सकाळी नऊला त्याने दुबईहून दगडूला फोन केला. हॉटेलच्या हॉलमध्ये फुलवाला चुकीची फुलं घेऊन आला होता, मैथिली चिडली होती. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात मैथिली. म्हणाला, काठावरचं शेवाळ आजच घासून टाक, दुपारच्या सुट्टीत, तेव्हा कुणी मध्ये येत नाही. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, हे दोघांनाही ठाऊक होतं. दगडू म्हणाला, बरं साहेब. मग म्हणाला, मैथिलीताईला माझा आशीर्वाद सांगा. त्याला साखरपुड्याचं बोलावणं नव्हतं, साइटवर कुणीतरी हवं होतं. सूर्यकांत म्हणाला, सांगतो. आणि दोर काढल्याचं बोलला नाही. ते वाक्य जिभेवर होतं. जिभेवर होतं हे त्याला पक्कं आठवतं. विसरला असता तर जिभेवर आलं नसतं. पण फुलवाला मध्ये आला, असंही आठवतं. मग त्याच क्षणी गालाचे स्नायू आठवले, असंही कधी कधी आठवतं. कधी एक आधी येतं, कधी दुसरं. दगडूला दोर कशाला, तो पोहणारा माणूस, असं तर त्याने पुढे सगळ्यांनाच सांगितलं आणि सगळ्यांनाच ते पटलं. कोकणातला माणूस पाण्याला भितो का? इथली इतर माणसं, बिहारची, नेपाळची, त्यांना दोर लागतात. दगडूला दोर देणं म्हणजे माशाला कुबड्या. हे वाक्य तर त्याने साइटवर पूर्वी चारचौघांत म्हटलेलं होतं, आणि दगडूच त्यावर सगळ्यात जास्त हसला होता.

दगडूने उडी मारण्याआधी वाट बघितली नाही, कारण वाट त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. स्वतः मारलेल्या गाठीकडे कोण पुन्हा बघतं.

प्रमिलाने बाल्कनीतून हाक मारली. कपडे वाळत घालताना तिची नेहमीची कुरकुर चालली होती, की या दोरीच्या गाठींनी चिमटे नीट बसत नाहीत, कुठून आणलीत ही दोरी, एखादी साधी मिळाली नाही का. अल ऐनहून सामान हलवताना तिला गॅरेजात एक निळं वेटोळं सापडलं होतं. चांगली मजबूत दोरी आहे म्हणून तिने बाल्कनीत बांधली. सूर्यकांतने ती ओळखली आणि बांधू दिली. दोन उन्हाळे त्या दोरीवर त्याचे लेंगे, प्रमिलाचे गाऊन, अस्मीचा शाळेचा युनिफॉर्म वाळला होता. गाठींचा निळा रंग उडून पांढरट झाला होता. आज अस्मी कात्री घेऊन बाल्कनीत गेली, टोकाचा वीतभर तुकडा कापून आणला आणि टेबलावर त्याचे धागे सुटे करत बसली. तिला कशाला हवेत ते त्याने विचारलं नाही.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याने दगडूला फोन केला, झालं का विचारायला. उचलला नाही. मैथिलीला अंगठी घातली, टाळ्या झाल्या. एक चाळीसला पुन्हा केला. उचलला नाही. मग त्याने बाथरूमच्या बाहेर उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवला. तो निरोप अजून सूर्यकांतच्या फोनमध्ये आहे, त्याने तो पुन्हा ऐकलेला नाही, पण शब्द पाठ आहेत: "दगड्या, झोपलास काय रे? उद्या काठ हिरवा दिसला ना, तर परत गावाला पाठवीन चिरे काढायला. बापासारखा." दोन दहाला तिसरा फोन लावला तेव्हा इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी माइकवर होते. ते म्हणत होते, सूर्यकांतरावांच्या घराला दार आहे, पण दाराला कडी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यकांतने फोन कानाला धरूनच दुसऱ्या हाताने नमस्कार केला. पलीकडे घंटी वाजत होती.

ती घंटी पुलावर वाजत होती. दगडूने उडी मारण्याआधी फोन आणि चपला पुलाच्या फळीवर ठेवल्या होत्या. पूल एका झेपेचा, पाण्यात खांब नसलेला, कारण मालकाच्या आठवणीतला पूल तसा होता. आणि पाणी हातभर उतरवल्यामुळे फळी हाताला लागत नव्हती. फोन वाजला तेव्हा दगडू पाण्यात होता. तिन्ही वेळा होता की दोनच वेळा, हे कुणाला माहीत नाही.

संध्याकाळी सूर्यकांत जरीच्या कुर्त्यातच तिथे पोचला. वलीने टँकर लावताना पाहिलं होतं. त्याने आणि पोलिसांनी दगडूला वर घेतलं होतं. वली काठाकाठाने चालत होता. त्याने सूर्यकांतला नुसतं बोटाने दाखवलं. लायनरवरच्या हिरव्या शेवाळात पंजांचे ओरखडे होते. पाच बोटं, वरून खाली. एका जागी नाही. पुलापासून सुरू झालेले, मग पुढच्या कोपऱ्याकडे, मग दुसरी बाजू, तिसरी, चौथी, आणि परत पुलापाशी. जिथे जिथे दोर होता तिथे सगळ्यात जास्त. आठही जागा त्याला पाठ होत्या. वली म्हणाला, साहेब, हा बुडाला नाही, हा थकला. मग दगडूच्या अंगावर घालायला काही आहे का म्हणाला. सूर्यकांतने सवयीने डिकी उघडली. पेढ्यांच्या खोक्यांखाली निळी वेटोळी होती. वलीने बघितलं. सूर्यकांतने डिकी लावली. वलीने टँकरमधली स्वतःची चादर आणली.

जबाब सूर्यकांतने दिला. सुट्टीचा दिवस होता, मयत पट्टीचा पोहणारा होता, हौसेने पाण्यात उतरला असावा. दोर मयतानेच धुवायला म्हणून चार दिवसांपूर्वी काढले होते. अरबीत टाइप झालं, खाली सही केली. मालक रडला होता. त्याने ते मासिक नको म्हटलं, पाणी काढून टाकलं आणि खंदक वाळूने बुजवला. दगडूची पेटी गावाला गेली. शेवंतीला, दगडूच्या बायकोला, सूर्यकांतने फोनवर सांगितलं की मी भावासारखा आहे. ती म्हणाली होती, तुम्ही होतात म्हणून मला काळजी नव्हती.

पावणेचारला फोन वाजला. सूर्यकांत उठून खिडकीपाशी गेला. मागे एअरपोर्टवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. वलीने आधी सांगितलं, की काल शेवटची फेरी त्या शेतावरच झाली. वाळू खाली बसलीय साहेब. वरून बघितलं की चौकोन दिसतो, एक वीत खोल. गवत पण तिथेच उगवलंय. मग म्हणाला, तर काय सांगू तिला?

सूर्यकांतने ऐकलं, स्वतःचा आवाज अगदी बरा, शुक्रवारच्या पंगतीतला, मोठ्या मनाचा. "वली, त्या बाईला आता त्रास कशाला द्यायचा? सांग, तो हौसेने पोहायला गेला आणि एका क्षणात गेला. काही कळलंच नाही त्याला. तिला तेवढीच शांती."

"ठीक आहे साहेब," वली म्हणाला. "तुम्ही शिकलेले. एका क्षणात म्हणून सांगतो. फोन वाजत होता तेही नाही सांगत. खलास. पण मग मी तिथे जेवणार नाही." आणि त्याने फोन ठेवला.

सूर्यकांत टेबलाशी परत आला. त्याला वाटलं होतं आत काहीतरी मोडेल, पण नुसतं हलकं वाटलं, काठ स्वच्छ केल्यावर वाटलं होतं तसं. अस्मीचं काम संपत आलं होतं. तिने मातीच्या चौकोनाच्या चारही बाजूंना निळे धागे चिकटवले होते, प्रत्येक बाजूला दोन, टोकं पाण्यात सोडलेली. पिवळ्या हेल्मेटचा माणूस एका धाग्याला टेकवून ठेवला होता.

"हे काय?"

"सो ही कॅन गेट आउट," ती म्हणाली.

त्याने छापील कागद उचलून तिच्यापुढे धरला. म्हणाला, बघ, चित्रात आहेत का? नाहीत. टीचर मार्क कापतील. आणि वाकून, चष्मा सावरून, त्याने नखाने एकेक धागा सोलून काढला. गोंद अजून ओला होता, सहज निघाले. आठ झाले. माणूस सरकून पाण्यात गेला आणि पालथा झाला.

"बट आजोबा, ही'ल डाय."

"प्लास्टिकचा आहे तो," सूर्यकांत म्हणाला, "आणि त्याला पोहता येतं."

अस्मीने त्याच्याकडे बघितलं. मग तिने ट्रे स्वतःकडे ओढला, दोन्ही हातांनी, आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. बाल्कनीत प्रमिला कपडे काढत होती. गाठीत अडकलेला चिमटा ओढताना दोरी थरथरत होती.

दगडू, वय एकोणसाठ, मूळ राजापूरकडचा, शुक्रवार दिनांक अठरा ऑगस्ट दोन हजार तेवीस रोजी, दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान, अल ऐनच्या बाहेर एका शेतावरच्या खंदकात मेला. त्या दिवशी मैथिलीचा साखरपुडा होता.